टाके निघाल्यानंतरची हिरडी

हिरडीच्या ऑपरेशननंतर साधारण आठ-दहा दिवसांनी टाके काढतात. तोवर सूज उतरलेली असते, दुखणं जवळपास थांबलेलं असतं आणि हिरडीचा रंगही पूर्वपदावर येऊ लागलेला असतो. बहुतेक रुग्ण त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडतात आणि रात्रीच्या जेवणात त्या बाजूने पुन्हा भाकरी चावायला लागतात. हिरडी बरी झाली, असं त्यांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात तिचं बरं होणं तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

१९६८ साली हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. त्यांनी हिरडी दातापासून सोडवली, पुन्हा जागेवर बसवून शिवली आणि ठरावीक दिवसांनी तिच्या काठाला दोरा बांधून ती ओढून पाहिली. किती जोर लावल्यावर ती दातापासून सुटते, हे त्यांना मोजायचं होतं. दोन-तीन दिवसांनी २२५ ग्रॅमचा जोर पुरला. आठवड्याने ३४० ग्रॅम लागले. दोन आठवड्यांनी तोच आकडा १७०० ग्रॅमवर गेला. म्हणजे पहिल्या आठवड्यात हिरडीची पकड जेमतेम दीडपट झाली आणि दुसऱ्या आठवड्यात एकदम पाचपट. ज्या दिवसांत रुग्ण सैलावतो, नेमके तेच दिवस हिरडीसाठी सगळ्यात मोलाचे असतात. हे रुग्णाला कोणी नीट समजावून सांगत नाही. छापील सूचनांचा कागद हातात मिळतो, त्यावर काय करू नये याची यादी असते, पण का करू नये ते नसतं. ते ‘का’ या लेखात मांडायचं आहे.

आधी निरोगी हिरडी कशी असते ते पाहू. दात जबड्याच्या हाडात रोवलेला असला, तरी तो हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जागा असते आणि ती चिवट तंतूंच्या जुडग्यांनी भरलेली असते. या तंतूंचं एक टोक हाडात गाडलेलं असतं, दुसरं मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. आपण फुटाणा चावतो तेव्हा दात किंचित दबतो आणि परत वर येतो, तो या तंतूंमुळे. हाडाच्या वर आले की हिरडीची हद्द सुरू होते. तिथे ती दाताला दोन प्रकारे धरून असते : खाली तंतूंनी, त्याच्या वर आवरणपेशींच्या नाजूक पट्ट्याने. त्याच्याही वर दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच मोकळी असते. गारगुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मृतदेहांच्या जबड्यांवर ही मापं घेतली. तंतूंची पकड सरासरी १.०७ मिलिमीटर, आवरणाची ०.९७ आणि मोकळी खाच ०.६९. सगळं मिळून पावणेतीन मिलिमीटर. तोंडातल्या कोट्यवधी जिवाणूंपासून हाडाचं रक्षण करायला शरीराने एवढीच जागा ठेवली आहे.

या जागेवर पहिला हल्ला होतो तो दाताच्या कडेला साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराचा. तो किती लवकर काम करतो, हे डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅरल्ड लो यांनी १९६५ साली दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. ही सूज इथेच थांबली तर काहीही गमावलेलं नसतं. पण ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहिली, तर काहींच्या बाबतीत तंतू तुटतात, हाड झिजतं आणि उथळ खाचेचा खोल कप्पा होतो. आपल्याकडे याला सरसकट पायोरिया म्हणतात. ‘काहींच्या बाबतीत’ हे मुद्दाम म्हटलं. याच लो यांच्या गटाने १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० तमिळ मजुरांच्या हिरड्या वर्षानुवर्षं तपासल्या. या मजुरांना ब्रशही ठाऊक नव्हता आणि दातांचा डॉक्टरही. सगळ्यांच्याच दातांवर किटणाचे थर होते, हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या होत्या. तरीही ११ टक्के लोकांच्या बाबतीत आजार सुजेच्या पुढे गेला नाही, ८१ टक्क्यांमध्ये तो सावकाश वाढला आणि ८ टक्क्यांमध्ये इतक्या झपाट्याने वाढला, की पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही. घाण तीच, पण शरीर कसं उत्तर देतं ते माणसागणिक निराळं. शस्त्रक्रियेनंतर दोन शेजाऱ्यांच्या हिरड्या सारख्या का भरत नाहीत, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नाही. आधी हिरडीखाली, मुळापर्यंत सफाई करतात. या सफाईने दात ढिले होतात, दातांत फटी पडतात, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की लोक वर्षानुवर्षं सफाई टाळतात. हाड आधीच गेलेलं असतं आणि त्या रिकाम्या जागेत किटण बसून त्याने दातांना जखडलेलं असतं. किटण काढलं की ती जागा उघडी पडते, एवढंच. सफाईनंतर काही आठवड्यांनी ते तीन महिन्यांनी हिरडी पुन्हा बारीक मोजपट्टीने तपासतात. बहुतेक कप्पे तोवर आक्रसलेले असतात. जे सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल राहतात, तिथे हिरडी उघडून सफाई करण्याचा विचार करावा, असं युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. उथळ कप्प्यांत शस्त्रक्रियेने उलट तोटा होतो. स्वीडनचे यान लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हिशेब मांडला, की साधारण ४.२ मिलिमीटरहून उथळ जागी हिरडी उघडली, तर दाताची पकड वाढण्याऐवजी कमीच होते. म्हणून ‘सगळ्याच दातांची फ्लॅप करून टाकू’ असं कोणी म्हटलं, तर प्रत्येक दाताशेजारचे आकडे मागावेत. चांगला डॉक्टर ते स्वतःहून दाखवतो.

आता खालच्या दाढेशेजारचा सात मिलिमीटरचा कप्पा डोळ्यांसमोर आणा. भुलीचं इंजेक्शन दिलं की हिरडी पांढुरकी पडते, कारण भुलीच्या औषधात रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. डॉक्टर बारीक पात्याने दातांच्या मानेभोवती, हिरडीचा काठ धरून चीर देतो आणि बोथट, चपट्या हत्याराने हिरडी हाडावरून अलगद सोडवून बाजूला करतो. हाच तो फ्लॅप. आत दिसतं ते चित्र बाहेरून कधीच कळलेलं नसतं. हाडातल्या खळग्यात लालभडक, भुसभुशीत मांस भरलेलं असतं, हात लावताच ते वाहू लागतं. ते खरवडून काढलं, की मागे मुळावर काळपट, खडबडीत पापुद्रे दिसतात. हिरडीच्या वरचं किटण पिवळट असतं. हे खालचं काळं, कारण वर्षानुवर्षं ते रक्ताच्या सान्निध्यात घट्ट झालेलं असतं. मूळ साफ होत जातं तसा हत्याराचा आवाज बदलतो, सुरुवातीची खरखर जाऊन गुळगुळीत काचेवरून फिरल्यासारखा येऊ लागतो. मग सलाइनने धुऊन हिरडी जागेवर बसवतात आणि दातांच्या मधून टाके घालतात.

यानंतर एक गोष्ट होते, ती रुग्णाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टर ओल्या गॉजने शिवलेली हिरडी दोन-तीन मिनिटं दाबून धरतो. रक्त थांबवण्यासाठी हे आहे असं वाटतं, पण त्याहून मोठा हेतू हिरडीखालची रक्ताची गुठळी पातळ करण्याचा असतो. जाड गुठळी हलते, फाटते, तिच्यात जिवाणू घर करतात. पातळ गुठळी दोन्ही बाजूंना चिकटून राहते. पुढचं सगळं भरणं या पातळ थराच्या भरवशावर होणार असतं.

एके काळी हेच ऑपरेशन फार क्रूर होतं. कप्पा म्हणजे सडलेली हिरडी आणि सडलेलं हाड, असं एकोणिसाव्या शतकात मानलं जाई. रोबिचेक यांनी १८८४ साली सांगितलेल्या पद्धतीत हिरडी सरळ कापूनच टाकत आणि उघडं पडलेलं हाडही खरवडत. स्वीडनच्या लिओनार्ड विडमन यांनी १९१८ मध्ये हिरडी उलगडून पुन्हा शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७४ साली अमेरिकेतल्या रॅमफ्योर्ड आणि निस्सल यांनी ती आणखी सौम्य केली. मधल्या काळात हे कळून चुकलं होतं, की हाड सडलेलं नसतं, ते सुजेपासून स्वतः माघार घेतं. सूज गेली की त्यातलं थोडं परत येऊ शकतं. तेव्हापासून शस्त्रक्रियेचं काम कापून टाकणं हे राहिलं नाही. नजर पोचेल इतकी जागा उघडायची, मूळ स्वच्छ करायचं आणि भरण्याचं काम शरीरावर सोपवायचं, इथे ते येऊन थांबलं.

शरीरासाठी मात्र हे काम अवघड असतं, आणि त्याचं कारण ध्यानात घेण्यासारखं आहे. बोट कापलं तर जखमेच्या दोन्ही कडा जिवंत असतात. दोन्हींकडून रक्तवाहिन्या येतात, दोन्हींकडून पेशी सरकतात आणि मधे भेटतात. हिरडीच्या जखमेची एकच कड जिवंत असते. समोर असतो दात : कठीण, रक्तवाहिन्या नसलेला, स्वतःहून एकही पेशी न देणारा. त्वचेसारखा तो वरचा थर टाकूनही देत नाही. अशा पृष्ठभागाला एका बाजूने चिकटायचं आणि तेही लाळेत भिजलेल्या, जिवाणूंनी भरलेल्या, दिवसभर हलणाऱ्या तोंडात.

पहिल्या चोवीस तासांत गुठळीतले फायब्रिनचे धागे मुळाला आणि हिरडीच्या आतल्या बाजूला चिकटतात. काही तासांतच पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून तिथे जमतात आणि जिवाणूंना, मेलेल्या कणांना निपटायला लागतात. सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली पाहून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याच दिवसांत चिरेच्या रेषेवर पांढरट-पिवळसर साय धरते. कितीतरी लोक तिला पू समजतात आणि कापसाने, नखाने, कधी टूथपिकने काढायला जातात. तो पू नसतो. कोरड्या त्वचेवर जिथे खपली धरते, तिथे ओल्या तोंडात ही साय धरते, आणि तिच्याखालून नवं आवरण सरकत असतं. ती काढली की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पू असेल तर त्यासोबत वाढता ठणका, ताप, दुर्गंधी किंवा पुन्हा वाढणारी सूज असते. तेव्हा मात्र वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पहारेकरी पेशींची दुसरी फळी येते. या मोठ्या भक्षक पेशी साफसफाई तर करतातच, शिवाय आसपासच्या पेशींना कामाला लागण्याचे रासायनिक निरोपही देतात. त्यांच्यामागून तंतू विणणाऱ्या पेशी आणि कोवळ्या केशवाहिन्या गुठळीत शिरतात. आठवड्याने गुठळीची जागा नव्या, लाल, कोवळ्या मांसाने घेतलेली असते आणि आवरणपेशी दाताला सूक्ष्म बंधांनी चिकटू लागलेल्या असतात. दोन आठवड्यांनी तंतू तयार झालेले असतात, पण ते दाताला समांतर पडलेले असतात, त्यात घुसलेले नसतात. दिसायला हिरडी तेव्हा जवळजवळ निरोगी दिसते. महिनाभराने खाच पूर्ण आवरणाने झाकली जाते आणि हिरडीतले तंतू कामाच्या दिशेने रचले जाऊ लागतात. हाडाचं वेळापत्रक याहून सावकाश असतं. सोडवलेल्या जागी हाडाचा वरचा पातळ थर आधी मरतो, शरीर तो खाऊन टाकतं आणि मग पुन्हा रचतं. खळगा किती भरला हे एक्स-रेवर दिसायला सहा महिने ते वर्ष जातं. पट्टी घालून खोली मोजण्याची घाई म्हणूनच करत नाहीत. कोवळी पकड त्या पट्टीनेच तुटते.

या सगळ्यात सर्वांत वेगवान असतात आवरणपेशी. दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर त्या सरकतात. तंतूंच्या, सिमेंटमच्या आणि हाडाच्या पेशी त्यांच्यापुढे फार मंद. शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावी लागणार नाही. नांगरलेलं रान मोकळं सोडलं, तर पीक उगवायच्या आत बांधावरची हराळी आत घुसते. तसंच इथे होतं. आवरण मुळाच्या कडेने खाली उतरतं आणि जिथे तंतू रोवले जायचे, ती जागा अडवून बसतं. नेहमीच्या फ्लॅप शस्त्रक्रियेनंतर बहुतेकदा हेच होतं. कप्पा बंद होतो, पण लांबलचक आवरणाने, तंतूंनी नाही. मेल्चर यांनी १९७६ साली हा प्रश्न नेमका मांडला : मुळाशी कोणत्या जातीची पेशी आधी पोचते, यावर भरून येणारी ऊती ठरते. हिरडीतली पेशी पोचली किंवा हाडाची पेशी पोचली, तरी मूळ झिजण्याचा किंवा हाडाला चिकटून बसण्याचा धोका असतो. पूर्वीसारखे तंतू पुन्हा रोवण्याची कुवत फक्त मुळाभोवतीच्या बंधातल्या पेशींमध्ये असते.

मग वेगवान पेशींना अडवून मंद पेशींना वेळ दिला तर? गोथेनबर्गमध्ये नायमन, लिंडे, कॅरिंग आणि रायलँडर यांनी १९८२ साली हे माणसात करून पाहिलं. खालचा एक पुढचा दात काढायचाच होता. त्यांनी हिरडी उघडून मूळ साफ केलं, मुळावर प्रयोगशाळेतल्या गाळणीचा एक तुकडा पडद्यासारखा झाकला आणि हिरडी शिवली. तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या ऊतींसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आजाराने उघड्या पडलेल्या मुळावर नवं सिमेंटम आलं होतं आणि त्यात तंतू रोवले गेले होते. एकच दात, एकच रुग्ण. पण गेलेली पकड पुन्हा उगवू शकते, याचा माणसाच्या दातावर मिळालेला तो पुरावा होता. आज दवाखान्यात पडदा घालून होणारी शस्त्रक्रिया त्याच विचारावर उभी आहे.

पडद्यानंतर इतर साधनंही आली. डुकराच्या उगवत्या दातांच्या कोवळ्या एनॅमलमधून काढलेली प्रथिनं मुळावर लावतात. गायीच्या हाडापासून केलेली भुकटी खळग्यात भरतात. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडलेल्या रीतीने रुग्णाचंच थोडं रक्त वेगाने फिरवून त्यातला फायब्रिनचा घट्ट थर काढतात आणि जखमेत ठेवतात. वापरायचं साहित्य कुठल्या प्राण्यापासून केलं आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि आपल्याकडे तो विचारला गेलाच पाहिजे. खाण्यापिण्याचे, धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाला हे नंतर कळणं योग्य नाही. कृत्रिम पर्याय किंवा स्वतःच्या रक्ताचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. आणि हेही खरं, की ही साधनं सगळीकडे लागू पडत नाहीत. खळग्याला दोन-तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शिल्लक असतील तर नवं हाड भरतं. हाड सगळीकडून सपाट झिजलेलं असेल, तर कितीही महाग साहित्य घातलं तरी ते धरून ठेवायला काही नसतं.

कुठलंही साधन वापरा, शेवटी सगळं गुठळीपाशीच येऊन थांबतं. १९९१ मध्ये विकेश्यो आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या दातांच्या मुळांवर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन लावलं. गुठळी मुळाला धरू शकली नाही आणि तिथे आवरण खाली उतरलं. गुठळी टिकली तर आवरणाला वाट मिळत नाही. आता डॉक्टरांच्या सूचना पुन्हा वाचा. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नका, वारंवार थुंकू नका, ओठ ओढून टाके बघू नका, त्या बाजूने चावू नका, जिभेने चाचपू नका. या प्रत्येक सूचनेमागे तीच एक गोष्ट आहे : एक मिलिमीटरहूनही पातळ थर पहिले काही दिवस हलू द्यायचा नाही.

लांब आवरणाने कप्पा बंद होणं म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असं मात्र नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं आवरण जिवाणूंना अडवण्यात खऱ्या तंतुमय जोडापेक्षा कमकुवत ठरलेलं नाही. दात स्वच्छ राहिला तर ही जोडणी वर्षानुवर्षं टिकते. नवं हाड आलं नाही म्हणून निराश होण्याचं कारण नाही. कप्पा उथळ झाला, हिरडीतून रक्त येणं थांबलं, तर ती यशस्वी शस्त्रक्रिया मानावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत तोंड फार भाग्यवान आहे. तिथल्या जखमा त्वचेपेक्षा लवकर आणि वण न ठेवता भरतात. लाळेचा त्यात मोठा वाटा आहे. तिच्यातली हिस्टॅटिन नावाची लहान प्रथिनं जखमेच्या कडेच्या पेशींना पुढे सरकायला लावतात, हे २००८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या गालाच्या आत आणि दंडाच्या त्वचेवर सारख्याच छोट्या जखमा केल्या आणि त्यांची तुलना केली. तोंडातलं आवरण जखम होण्याच्या आधीपासूनच सज्ज असतं, दुरुस्तीची जनुकं तिथे कायम जागी असतात, असं त्यांना आढळलं. टाळूवरून हिरडीसाठी कलम घेतात, ती उघडी जखमही दोन-चार आठवड्यांत भरते, ती यामुळेच.

हे भाग्य तंबाखू हिरावून घेते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तंतू विणणाऱ्या पेशी मंदावतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कप्पे इतरांइतके कमी होत नाहीत, हे वारंवार दिसून आलं आहे. त्यातला धोका असा, की त्यांच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार दिसतच नाही. महाराष्ट्रात सिगारेटीपेक्षा मिश्री आणि मळलेली तंबाखू जास्त. जाळलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने हिरडीवर घासणाऱ्या कितीतरी बायका ती दात साफ करण्यासाठी लावतो असंच सांगतात, डॉक्टरने ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर खरेपणाने ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरने मिश्रीचं नाव घेऊन विचारायला हवं. शिवलेल्या हिरडीवर मिश्रीचं बोट फिरलं, तर घर्षण आणि निकोटिन असे दोन्ही घाव एकाच जागी बसतात. मधुमेहाचंही तसंच. साखर आटोक्यात नसेल तर जखम रेंगाळते आणि हिरडीचा आजार साखर आणखी वाढवतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : हिरडीवर नीट उपचार झाले की तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी का होईना, उतरते. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या ऑपरेशनसाठी आपल्या मनाने बंद करू नयेत. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं.

ब्रश चालवता येत नाही त्या दिवसांत क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या देतात. त्याने दात तपकिरी पडतात, जिभेची चव बदलते. दोन्ही तात्पुरतं आहे, डाग सफाईत निघतात. तुरटी, हळद-मीठ असे घरचे प्रयोग ताज्या जखमेवर करू नयेत. दोन-तीन दिवस मऊ भात, गार खिचडी, ताक, केळं यांवर काढावेत.

पूर्ण भरलेली हिरडी आधीसारखी दिसत नाही, हे ऑपरेशनआधीच सांगितलं गेलं पाहिजे. सूज गेल्याने हिरडी खाली बसते, दात लांब दिसतात, दातांच्या मधे काळे त्रिकोण दिसू शकतात. टार्नो यांनी १९९२ मध्ये याचं गणित मांडलं. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात, तिथपासून हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर असेल, तर मधली हिरडी जवळजवळ नेहमीच पूर्ण भरते. सहा असेल तर निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी आणि सात असेल तर चारांत एका ठिकाणी. हाड गेलेलं असेल तर त्रिकोण राहणारच, त्यात डॉक्टरची चूक नाही. गार पाण्याने शिरशिरी येते, ती मूळ उघडं पडल्यामुळे. मूळ स्वच्छ ठेवलं तर काही आठवड्यांत ती कमी होते. ऑपरेशननंतर दात जरा जास्त हलतो तेही महिन्याभरात थांबतं. त्या काळात बोटाने दात हलवून पाहण्याची सवय मात्र टाळावी.

आणि यानंतर येते सगळ्यात दुर्लक्षित बाब. १९७७ मध्ये गोथेनबर्गच्या त्याच संशोधकांनी २५ रुग्णांवर पाच वेगवेगळ्या पद्धतींनी हिरडीची शस्त्रक्रिया केली, पण नंतर त्यांना नियमित सफाईला बोलावलं नाही, फक्त मधूनमधून तपासलं. दोन वर्षांत पाचही पद्धती अपयशी ठरल्या. कप्पे परत आले, दातांची पकड आणखी गेली. याआधी ज्यांना दर दोन आठवड्यांनी बोलावून दात साफ करून दिले होते, त्यांच्या हिरड्या पाचही पद्धतींनी उत्तम भरल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवरून डॉक्टरांमध्ये कितीही वाद असोत, रुग्णासाठी निकाल त्याच्या नंतरच्या सफाईवर ठरतो. व्यवहारात दर तीन महिन्यांनी येणं हा सर्वसाधारण नियम आहे.

तेव्हा हिरडीच्या ऑपरेशनची तारीख ठरवाल, त्याच दिवशी पुढच्या वर्षभराच्या चार तपासण्यांच्या तारखाही वहीत लिहून घ्या आणि त्यांच्या खर्चाचा अंदाज आधीच विचारा. आताच्या आणि सहा महिन्यांनंतरच्या कप्प्यांच्या आकड्यांचा तक्ता मागून जवळ ठेवा. त्या चार तारखा पाळणं जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा आणि शस्त्रक्रिया पुढे ढकला.